पटावरचा साप काढू नका

बलिप्रतिपदेला आपल्याकडे आणखी एक नाव आहे, द्यूतप्रतिपदा. या दिवशी शंकर-पार्वतीने सारीपाट मांडला आणि शंकर डाव हरला, अशी कथा सांगतात. वेरूळच्या २१ व्या लेण्यात, म्हणजे रामेश्वर लेण्यात, देवादिकांचा हा डाव दगडात कोरलेला आहे. काम चौदाशे वर्षांहून जुने. वर देव आणि देवी पटाशी बसली आहेत, आणि खाली? खाली नंदी आहे, आणि बुटके, गुबगुबीत गण त्याची खोडी काढीत आहेत. ज्या शिल्पकाराने हे कोरले त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असली पाहिजे. पट मांडला की हसू आलेच, आणि लहान अंगाच्या मंडळींना पटाइतकीच पटाभोवतीची गंमत प्यारी असते. जालन्याहून वेरूळ फार दूर नाही; सकाळी निघालेला माणूस दिवेलागणीला घरी परततो. लहान मुलांचे खेळ बनविणाऱ्यांनी आणि ते विकत घेणाऱ्यांनी तेवढी तसदी घेतली असती, तर ऐन सणाच्या दिवसांत हे भांडण घेऊन वाचकांपुढे येण्याची पाळी माझ्यावर आली नसती.

कारण मी भांडायलाच आले आहे. दिवाळीच्या तोंडावर जालन्याच्या बाजारात, नाही तर अंबड-परतूरच्या, पुठ्ठ्याचे पट टांगलेले दिसतात. एका अंगाला लुडो आणि दुसऱ्या अंगाला सापशिडी असा जुना जोडपट अजून मिळतो; तो गरिबाचा आहे आणि तो मला प्रिय आहे. पण अलीकडे त्याच्या शेजारी दुसरी एक जात येऊन बसली आहे. तिच्यावर ‘शैक्षणिक’ असा शिक्का असतो आणि ‘वय ३ ते ६’ असे बजावलेले असते. घराघरांत अक्षरे, आकडे, फळांची इंग्रजी नावे. दात घासले, दोन घरे पुढे. खोटे बोललात, तीन घरे मागे. साप कोठे असलाच तर त्याचे नाव ‘आळस’. चित्रांतली सगळी मुले गोरी, सगळ्यांचे भांग सरळ, आणि सगळ्यांच्या तोंडावर फोटोवाल्याने सांगून आणलेले हसू. अशा पटावर हसणारी तोंडे पुष्कळ असतात. हसवणारे घर मात्र एकही नसते.

माझे म्हणणे थोडक्यात सांगते. तीन ते सहा वर्षांच्या लेकराच्या पटात विनोद हा खेळाचा प्राण आहे. ज्या पटावर लेकरू एकदाही खदखदून हसत नाही, ती पाटी आहे. आणि पाटीला पट म्हणून त्याच्या हाती देणे ही फसवणूक आहे.

यावर पहिला आक्षेप मी रोज शाळेच्या दारात ऐकते. पोलादाच्या कारखान्यात रात्रपाळी करून आलेला बाप लेकराला सोडायला येतो, खिडकीतून आत डोकावतो आणि म्हणतो, “बाई, लेकरू नुसतं खिदळायलंय, शिकायलंय कवा?” त्या माणसाला मी हसत नाही. भट्टीच्या धगीपुढे उभे राहून मिळविलेल्या पैशाची फी तो भरतो, आणि त्या पैशाचे काय झाले हे विचारण्याचा त्याला हक्क आहे. मी त्याला एवढेच सांगते, “भाऊ, खिदळायलंय म्हणजेच शिकायलंय.”

हे बोलणे वेळ मारून नेण्यासाठी नाही. कॉर्नेई चुकोव्हस्की नावाचा एक रशियन लेखक होऊन गेला. दोन ते पाच वर्षांच्या मुलांच्या बोलण्यावर त्याने ‘दोन ते पाच’ याच नावाचे पुस्तक लिहिले. त्याची दोन वर्षांचीही न झालेली मुलगी एके दिवशी त्याच्याकडे आली आणि कुत्रा म्यांव करतो असे सांगून मोठमोठ्याने हसू लागली. बापही तिच्या खेळात सामील झाला आणि दोघांनी मिळून जगातील सगळ्या जनावरांचे आवाज उलटेपालटे केले. चुकोव्हस्कीने त्यातून जे ओळखले ते प्रत्येक आईबापाने ओळखण्यासारखे आहे. कुत्रा भुंकतो हे ज्या मुलाला पक्के ठाऊक झाले, त्यालाच त्याच्या म्यांव करण्याचे हसू येते. ज्याला ठाऊक नाही ते गप्प बसते. म्हणजे उलट्या गोष्टीला हसणे हा सुलट गोष्ट कळल्याचा दाखला आहे. पटावर गाय झाडावर चढलेली काढा. चार वर्षांचे पोर “बाई, गाय कुठं झाडावर चढती व्हय?” असे ओरडून लोळण घेईल. गाईचे चार पाय, तिचे खूर, तिचे वजन, सारे त्या एका आरोळीत आले. गाईचे इंग्रजी नाव दहा वेळा घोकवून हे साधणार आहे काय?

तथापि एवढ्यावर मी थांबणार नाही, कारण येथे एक खाचखळगा आहे. ‘हसण्याने शिकणे सोपे होते’ असे म्हटले की लगेच हसणे हा कडू काढ्याबरोबर द्यायचा गुळाचा खडा ठरतो. काढा पोटात गेला की गूळ बंद! हसू हे कशाचे तरी साधन आहे म्हणून ते पटावर असावे, असे मी म्हणत नाही. रांगत्या बाळाशी आपण पदराआडून ‘कुक’ करतो, तेव्हा त्याला काय शिकविण्याचा आपला हेतू असतो? तोंड नाहीसे झाले, तोंड परत आले, एवढाच तो विनोद. आणि बाळ त्याला पन्नास वेळा हसते. मोठी माणसे तरी वेगळे काय करतात? मधुकर पाटकरांनी १९५१ साली ‘आवाज’चा दिवाळी अंक काढला आणि त्यातल्या खिडकीचित्रांनी साऱ्या महाराष्ट्राला वेड लावले. खिडकीतून एक दिसते, पान उलटले की भलतेच निघते. पदराआडचा ‘कुक’ तो हाच. आपल्या करमणुकीसाठी आपण खिडक्या कापून घेतल्या आणि लेकरांच्या पटावरच्या तेवढ्या बुजवून टाकल्या, हा कोठला न्याय?

आमच्या बाजूला विनोदाविरुद्ध आणखी एक साक्षीदार हमखास उभा करतात. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब हे आमच्या जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातले. विनोद टवाळांना आवडतो, अशा अर्थाचे समर्थांचे वचन येथल्या वडीलधाऱ्यांच्या ओठावर असते, आणि पोर जरा फिदीफिदी हसले की ते त्याच्या पाठीत बसते. समर्थांना मी नमस्कार करते आणि त्यांच्याच दासबोधाचा दुसरा दशक उघडते. त्याचा पहिलाच समास मूर्खलक्षणांचा. त्यातली माणसे एकामागून एक डोळ्यांपुढे आणा आणि हसू आवरून दाखवा! माणसाच्या वेडेपणाकडे इतक्या बारकाईने पाहणाऱ्या पुरुषाला हसू वर्ज्य होते, असे मला तरी वाटत नाही. त्यांचा रोष टवाळीवर होता; पाच वर्षांच्या पोराच्या खिदळण्यावर तो लावणे म्हणजे चोराला सोडून संन्याशाला सुळी देणे आहे.

आता सापाकडे वळू. सापशिडीचा साप हा बालवयातील सर्वांत थोर विनोदकार आहे, असे मी निःशंकपणे म्हणते. घरातल्या घरात डाव मांडलेला पाहा. एरवी ज्यांच्यापुढे आवाज चढवायची सोय नाही ते आजोबा ९८ व्या घरावर येऊन बसले आहेत, मिशीला पीळ देत आहेत. फासा पडतो, सापाचे तोंड येते, आणि आजोबा सरळ तळाशी! नातू टाळ्या पिटतो, सून पदर तोंडाला लावते, आणि आजोबांनाही हसावेच लागते. फासा वयाचा मान राखीत नाही, पगाराचा राखीत नाही, जातीचा राखीत नाही. पाच वर्षांच्या जिवाला दिवसभर कोणी ना कोणी उचलीत, बसवीत, भरवीत, दटावीत असते. कोणाचाही अपमान न करता मोठ्यांना आपल्या पंगतीला खाली बसवण्याची जागा त्याला साऱ्या घरात तेवढी एकच आहे. आणि दुसऱ्या क्षणी तोच साप त्याला स्वतःला गिळतो. आजोबांच्या पडण्याला हसलेले पोर आता स्वतःच्या पडण्याला हसते. निदान हसायला शिकते. माझ्या मते माणूस होण्याचा पहिला धडा तो हाच.

कोणी म्हणेल, बाई, सापशिडी मूळची नीतीचीच आहे. शैक्षणिक पटवाल्यांनी काय वावगे केले? खरे आहे. आपल्याकडे तिला मोक्षपट म्हणत. परंपरा तिचे जनकत्व ज्ञानेश्वरांना देते, आणि त्यांचे आपेगाव गोदाकाठी आमच्या जिल्ह्याच्या शेजारीच, पैठण तालुक्यात आहे. ज्ञानचौपड या नावानेही हा खेळ पश्चिम भारतात खेळला जाई. जैनांच्या पटावर बहुधा ८४ घरे, वैष्णवांच्या पटावर ७२. घराघरांत गुणदोषांची नावे, आणि जुन्या पुष्कळ पटांवर शिड्या थोड्या, साप फार. पण तो पट वाचू शकणाऱ्या, मोक्षाचा विचार करणाऱ्या माणसांचा होता. चार वर्षांच्या पोराला दात घासायला लावण्यासाठी तो कोणी मांडला नव्हता. शिवाय त्यातली गंमतही जुन्या लोकांनी राखली होती. वैकुंठाच्या घरापलीकडे पाऊल पडले तरी वाटेत साप आहेच! एवढा चढून आलेला साधक पुन्हा भुईवर येतो. अहंकारी माणसाची याहून गोड थट्टा कोणी केली असेल?

हाच खेळ १८९२ च्या सुमारास विलायतेत विकला जाऊ लागला. अमेरिकेत १९४३ साली मिल्टन ब्रॅडली कंपनीने तो काढला तेव्हा साप काढून घसरगुंड्या घातल्या. पण त्या लोकांची हुशारी पाहा. साप गेला, तरी पुढच्या आवृत्त्यांच्या चित्रांत खोडकरपणा शिल्लक राहिला. बिस्किटांच्या बरणीला हात घालणारे पोर, भिंतीवर रेघोट्या ओढून मग ती भिंत पुसत बसलेले पोर. मुलाला त्यात स्वतःचीच आकृती दिसते आणि ते हसते. आमच्या सुसंस्कारी पटांनी काय केले? नीती ठेवली आणि खोडी हाकलून दिली. उसाचा रस सांडून चिपाडे वाढण्याचाच हा प्रकार.

याच कंपनीने १९४९ मध्ये ‘कँडी लँड’ नावाचा पट बाजारात आणला. तो रचणारी एलिनॉर अ‍ॅबट ही माझ्यासारखीच शाळामास्तरीण. सॅन दिएगोच्या रुग्णालयात पोलिओतून बरी होत असताना आजूबाजूच्या आजारी मुलांसाठी तिने तो केला. त्यात वाचायला लागत नाही, मोजायलाही लागत नाही. पत्त्यावरचा रंग पाहायचा आणि मिठायांच्या गावातून त्या रंगाच्या घरावर जायचे. अंथरुणाला खिळलेल्या मुलांना त्या बाईने अक्षरे घोटायला दिली नाहीत, मिठायांचे गाव दिले. मुलांना काय हवे हे ओळखायला पदवी लागत नाही. त्यांच्याजवळ बसावे लागते.

दुसरा एक पंथ दयाळू माणसांचा आहे. ते म्हणतात, साप गिळतो, मूल हिरमुसते, रडते. तेव्हा कोणी हरूच नये असे पट करावेत. त्यांच्या दयेला माझी हरकत नाही, पण त्यांनी लहान मूल नीट पाहिलेले नाही. ज्याँ पियाजे या स्विस पंडिताने गोट्या खेळणाऱ्या मुलांचा अभ्यास करून १९३२ साली पुस्तक लिहिले. त्याला दिसले की अगदी लहान मुले एकत्र बसूनही आपापलाच खेळ खेळतात. नियम त्यांना सोयीपुरते असतात, आणि एकाच डावात सगळेच जिंकतात. चार वर्षांचे पोर सहा पडले असता सात घरे चालते ते लबाडीने नव्हे. त्याच्यापुढे हरण्याचा बाऊ करतो तो आपण. साप आला की “अरेरे, हरलास!” असे आपण म्हणतो, तेव्हा ते रडते. “अरे बाप रे, सापाच्या पोटात किती अंधार आहे रे?” असे विचारा, ते पोटातून उत्तर देईल.

मात्र एक अट मी कडक घालते, आणि येथे मी कोणाचीही भीड धरणार नाही. कशाला हसायचे हे ठरलेले असले पाहिजे. जाड्या मुलाची, काळ्या मुलीची, तोतऱ्याची, खेडवळ धोतरवाल्याची चित्रे काढून हशा पिकविणारा पट असेल, तर त्याहून ‘आळसा’चा साप परवडला. हरलेल्या पोराला गाढव ठरवून नाचणारी घरेही मी पाहिली आहेत. तो विनोद नव्हे, तो मार आहे. या बाबतीत आपली वाघबकरी मोठी शहाणी. पटावर वाघ थोडे, बकऱ्या पुष्कळ. वाघ बकऱ्या खातो हे खरे, पण बकऱ्या एकमेकींना धरून राहिल्या की वाघाला हलायला जागा उरत नाही. डरकाळी फोडणारा वाघ कोपऱ्यात अडकून बसला आहे आणि बकऱ्या भोवताली रवंथ करताहेत, यापरते हसू कोणते? हसायचे ते वाघाला, बकरीला नाही. एवढे एक सूत्र सांभाळले तर लेकरांच्या पटावर काय चालेल आणि काय चालणार नाही, हे कोणालाही ठरविता येईल.

आणि तो खिशातला लुडो? त्यात फासा यंत्र टाकते, सोंगटी यंत्र चालविते, मोजणीही यंत्र करते. फासा कपाटाखाली जात नाही, तो शोधायला पोटावर सरपटावे लागत नाही, मांजर पटावरून चालत जाऊन डाव उधळीत नाही. वेरूळच्या शिल्पाचा खालचा अर्धा भाग फोडून टाकावा आणि वरचा तेवढा ठेवावा, तसा तो खेळ. नंदी गेला, गण गेले. उरली दोन गंभीर माणसे आणि एक चौकट.

सरकारला या सगळ्याची जाणीव नाही असे नाही. ३ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी २०२२ साली पायाभूत स्तराचा राष्ट्रीय आराखडा निघाला, त्यात खेळावर भर आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत ‘जादुई पिटारा’ आला, त्यात खेळणी, कोडी, गोष्टींची पुस्तके आहेत. उत्तम झाले. पण पिटारा उघडणारा हात जर छडीचा असेल तर त्यातली जादू बाहेर कशी येणार? ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघांना बरोबर घेऊन १९५७ पासून कोसबाडला जे काम केले, ते काही पिटाऱ्याची वाट पाहत बसून नव्हे. बी, शिंपले, खडे, पाने, जे आसपास सापडेल ते त्यांनी साधन म्हणून घेतले, आणि शाळाच मुलांच्या अंगणात नेली.

तेव्हा तक्रार पुरे. करायचे काय ते सांगते. विकतच घ्यायचा असेल तर जुना जोडपट घ्या. त्याहून उत्तम, घरीच काढा. खडू घ्या आणि फरशीवर पट आखा. चार वर्षांच्या मुलाला शंभर घरे फार होतात, पंचवीस पुरेत. चिंचोके मधोमध फोडले की एक अंग काळे, एक पांढरे. असे चार तुकडे म्हणजे तुमचा फासा. सोंगट्यांना बांगडीचे तुकडे नकोत, बोटे कापतात. बिट्ट्या नाही तर बटणे घ्या. आणि घरांत लेकरांचे जग घाला. कोंबडा आरवायचा विसरला, सूर्य झोपून राहिला: तीन घरे मागे. म्हैस डबक्यात बसली: ती उठेपर्यंत थांबा. आजीचा चष्मा आजीच्याच कपाळावर: शोधायला दोन घरे मागे. पोळ्याच्या दिवशी बैल गाडीत बसला आणि मालक गाडी ओढू लागला: शिडी! मोसंबी टपकन मांजराच्या डोक्यावर पडली: मांजर पळाले, तुम्हीही चार घरे पळा.

आणि मग लेकरांना विचारा. आमच्या वर्गातल्या एका मुलीने सुचविले की सापाच्या शेपटीला गुदगुल्या केल्या तर तो तोंड उघडील. तेव्हापासून आमच्या पटावर तसा नियमच आहे. सापाने गिळले की सगळ्यांनी मिळून त्याच्या शेपटीला गुदगुल्या करायच्या, पुन्हा चिंचोके टाकायचे, आणि चारही पांढरे पडले की सुटका. जो गिळला गेला त्याच्यासाठी सारा वर्ग फरशीला गुदगुल्या करीत असतो. सुसंस्कारांचा इतका चांगला पट मला कोणत्याही दुकानात आढळला नाही.

हे मी हौसेखातर सांगत नाही. दिवाळी सरली की आमच्या जिल्ह्यातूनही ऊसतोडीच्या गाड्या निघतात. भांडीकुंडी, गोधड्या, शेळी आणि त्यांच्यामध्ये बसलेली तीन-चार वर्षांची लेकरे कारखान्यांच्या वाटेला लागतात. पुठ्ठ्याचा पट तिकडे टिकत नाही, आणि बरोबर न्यायला तो असतोच असे नाही. पण कोळशाचा एक तुकडा आणि चार चिंचोके लेकराच्या मुठीत मावतात. कोपीपुढच्या सारवलेल्या जमिनीवर पंचवीस घरे आखायला तेवढे पुरते. साप कसा काढायचा आणि त्याला गुदगुल्या कोठे करायच्या, हे त्या लेकराला निघण्यापूर्वी ठाऊक झालेले असले की माझे काम झाले. अक्षरे मी त्याला परत आल्यावर शिकवीन.